ठीक आहे, मामा

३ मार्च, मंगळवार

प्रिय धाकले,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि ती स्वतः बारा महिने. दोघांत कुणाचं बघून कोण शिकलं, हे काही मला सांगता येणार नाही. हे वाक्य तिला वाचून दाखवलं, म्हणून आजच्या चहात साखर नाही.

कामाचं म्हणशील तर मान वर करायला फुरसत नाही. एके काळी मी टेबलांचे आणि पलंगांचे पाय करत होतो, आता माणसांचे करतो. समुद्रापलीकडचं हे युद्ध लांबत चाललंय तशी तिकडून येणारी मुलंही वाढतायत. कुणी गुडघ्यापासून, कुणी त्याच्याही वरून. परवा एक जण विचारत होता, "मामा, नव्या पायाची बोटं जरा लांब करा ना, चपला मोठ्या घेऊन ठेवल्यात." अशी ही कार्टी. तुझा टिल्लू इथं माझ्या हाताखाली रंधा मारायचा तेव्हा मला मामा म्हणायचा, म्हणून सगळ्या गावाचा मी मामा झालो.

आता तू विचारलेलं. टिल्लूनं तुला फोनवर सांगितलं की तो उन्हाळ्यात घरी येत नाही, आणखी एक मुदत तिकडेच राहायची सही केलीय. कारण विचारलंस तर म्हणाला, "मामाला विचार." अगं, मला काय विचारायचं? मी इथं भुशात बसलेला, तो तिकडे खंदकात. मुलगा सहा फूट वाढला तरी आपण त्याला टिल्लू म्हणतो, त्यामुळे तो मोठा झालाय हे आपल्याच ध्यानात राहत नाही. त्याची काही मतं असतील. सोबतच्या मुलांना सोडून निघणं जिवावर आलं असेल. तरुण रक्त आहे. आपल्या वडिलांनी म्हातारपणी पोहायला शिकायचं ठरवलं होतं, तेव्हा आपण त्यांना अडवू शकलो का? नाही ना? मग.

हो, एक सांगायचं राहिलं. आपले प्रतिनिधी साहेब राजधानीतून आले होते. लढाई चालू ठेवायची की फौज परत बोलवायची, यावर तिकडे मतदान व्हायचंय. त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकावं म्हणून नगरपालिकेच्या सभागृहात सभा होती. लोकांनी मलाही धरून उभं केलं. चार शब्द बोललो. टाळ्या वगैरे पडल्या. असो.

तुझ्या खिडकीची झडप अजून वाजते का? मागच्या खेपेला मी बिजागरी घट्ट केली होती, पण लाकूडच फुगलं असेल तर बिजागरी तरी काय करणार! आलो की बघतो. तू जिवाला लावून घेऊ नकोस. एक मुदत म्हणजे काय, डोळे मिटून उघडेपर्यंत जाईल.

वहिनीचा नमस्कार नाही, ती अजून रुसलेली आहे.

तुझा,
दादा


१७ मार्च, मंगळवार

धाकले,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, त्याला पत्र म्हणायचं तर. "दादा, खोटं बोलताना तू जास्त विनोद करतोस. टिल्लूला काय सांगितलंस?" बस. ना वर आशीर्वाद मागितलास, ना खाली सही. मी तो कागद घेऊन बाकावर बसलो. वहिनी आली, वाचलं आणि म्हणाली, "बरोबर ओळखलंय. आता लिहा." आणि दार ओढून घेऊन गेली.

लिहितो.

सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत माझी मुलं बसवली होती, माझी म्हणजे मी पाय बसवलेली. प्रतिनिधी साहेबांना फोटोत ती हवी होती. त्यांच्यामागे बेकरीवाली बाई. तिला तू ओळखतेस, कोपऱ्यावरची. तिचा मुलगा मागच्या हिवाळ्यात गेला. आधी शाळेचे हेडमास्तर बोलले. म्हणाले, तिथं जिंकणं म्हणजे नेमकं काय, ते कुणीतरी मला सांगा. एक व्यापारी म्हणाला, तिथल्या लोकांना आपण शब्द दिलाय, आपल्या भरवशावर ते उभे राहिलेत, आपण निघालो तर मागे त्यांच्या माना कापल्या जातील. दोघांचंही मला पटलं. तुझा भाऊ असा आहे, जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटतं. मग कुणीतरी ओरडलं, "मामांना बोलू द्या!"

मी उठलो तेव्हा मनात काय होतं ते आधी सांगतो, मग तू हवं ते म्हण. मनात होतं, पुरे झालं, पोरांना घरी आणा. अगदी हेच. हे वाक्य जिभेवर घेऊनच मी उठलो. आणि समोर बघितलं तर पहिल्या रांगेत ते पाय. मी घासलेले, मी पट्टे शिवलेले, स्वच्छ विजारींच्या आत सरळ ठेवलेले. मागे ती बाई. मला वाटलं, आता 'परत आणा' म्हटलं तर यांना काय ऐकू येईल? की तुमचं गेलं ते फुकट गेलं. ज्यांना रोज सकाळी माझ्या हातचा पाय चढवायचा असतो त्यांच्या तोंडावर असं कसं बोलायचं?

म्हणून मी बोललो ते असं, "ज्यांचे पाय तिथं राहिले, त्यांच्यासाठी तरी आपण तिथं उभं राहिलं पाहिजे."

धाकले, छप्पर उडालं. मी अक्षरं शिकलो ती लाकडाच्या वखारीत, ओंडक्यांवर डांबरानं काढलेल्या खुणा वाचून. शाळेची पायरी आपल्यात तू चढलीस, मी नाही. आणि त्या दिवशी हेडमास्तर खाली बसलेले आणि टाळ्या मला. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी वर जाऊन आणखी दोन वाक्यं बोललो. आता ती आठवतसुद्धा नाहीत, इतकी पोकळ होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. घरी येऊन ते मोठं वाक्य मी वहिनीला म्हणून दाखवलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "छान आहे. पण उभा टिल्लू राहिलाय. तुम्ही तर बसलाय."

दुसऱ्या दिवशी मी मुलांना विचारलं, कसं झालं भाषण? एक ट्रक चालवणारा आहे त्यांच्यात, सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणतात. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. तो म्हणाला, "ठीक आहे, मामा."

इथं तुला माझ्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. नवा पाय बसवल्यावर मी कधीच विचारत नाही, ठीक आहे का. कारण ही मुलं नेहमी 'ठीक आहे' म्हणतात. मामांनी एवढी मेहनत केली, त्यांना वाईट वाटेल, म्हणून. आणि आठवड्यानं येतात ती जखम घेऊन. म्हणून नव्या पायाच्या वर, तुटलेला पाय जिच्यात बसतो त्या वाटीला मी आतून रंगीत खडूची पूड फासतो, चार पावलं चालायला लावतो, पाय काढून बघतो. जिथली पूड निघाली तिथं टोचतंय. तिथं कानस मारायची. इतकी वर्षं मी या कामात एकाही माणसाच्या 'ठीक आहे'वर विश्वास ठेवला नाही. त्या दिवशी ठेवला. कारण त्या दिवशी तो मला हवा होता.

नंतर टिल्लूच्या सहीची बातमी आली. ड्रायव्हर पट्टा बदलायला म्हणून आला आणि स्टुलावर बसून म्हणाला, "मामा, आज राग आला तर येऊ द्या. मला एकदा विचारायचं होतंत."

"काय?"

"माझ्या पायाच्या नावानं काय मागायचं ते. पाय माझा होता ना?"

मी म्हणालो, "अरे, तुमच्यासाठीच बोललो. तुम्हाला वाटेल, आपलं गेलं ते वाया गेलं…"

"ते वायाच गेलंय, मामा. मला ते तिथंच कळलं. एक रस्ता आहे. आम्ही तो घेतो, पाऊस लागला की सोडतो, उघडलं की पुन्हा घेतो. त्यावर माझा पाय गेला. त्याच रस्त्यावर आता टिल्लू आहे." मग म्हणाला, "आमचा दुभाष्या होता तिथं, त्याची लहान पोरगी होती. आपण निघालो तर त्याचं काय होईल, हा विचार मलाही सोडत नाही. ते व्यापारी बोलले ते खोटं नाही. पण आम्ही असतानाही त्याचं घर जळलंच."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस? रोज इथं येतोस, हसतोस, तिकडच्या फुशारक्या मारतोस…"

"तुमचा भाचा तिकडे आहे, मामा! तुमच्यासमोर कसं म्हणू की सगळं वाऱ्यावर चाललंय? तुमच्या घशाखाली घास उतरला नसता. आम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, मामांसमोर चांगलं बोलायचं."

 ती मुलं मला जपत होती आणि मी त्यांना. एकमेकांना जपता जपता आम्ही मिळून एक लढाई चालू ठेवली आणि तिच्यात उभा मात्र तुझा मुलगा. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं आजवर नुसतं ऐकलं होतं; मी तर चूल पेटवून दिली. ड्रायव्हरला अचानक हसू आलं, मलाही आलं. 

आता टिल्लूचं. ते भाषण कुणीतरी रेकॉर्ड करून घेतलं होतं. फौजेसाठी रेडिओवर घरच्या लोकांचे आवाज लावतात, त्यात ते लावलं. सगळ्या तंबूनं ऐकलं. ज्याचा मामा असा बोलतो, तो परत जायचा अर्ज कसा करेल? त्यानं सही केली. 'मामाला विचार' याचा अर्थ हा.

ड्रायव्हर म्हणतो, केलेली सही महिनाअखेरपर्यंत मागे घेता येते. प्रतिनिधी साहेब पुन्हा येणार आहेत, शेवटची सभा. मी तिथं उठून माझं बोलणं परत घेणार आहे आणि टिल्लूला फोनवर गाठणार आहे. बेकरीवाली बाई समोर असेल याची मला भीती वाटते, हे तुला सांगून टाकतो.

आणखी लिहायचं होतं. आज एवढंच होतंय.

दादा


२ एप्रिल, गुरुवार

धाकले,

सभा झाली. मी बोललो. ते आधी सांगतो, कारण त्यातल्या त्यात तेच सांगण्यासारखं आहे.

या वेळी टाळ्या नव्हत्या. मी म्हणालो, मागच्या वेळी मी दुसऱ्यांच्या पायांवर उभा राहून बोललो. त्यांना विचारलं नव्हतं. आता माझ्या पायांवर उभा राहून सांगतो, पोरांना परत आणा. गेलेल्यासाठी राहिलेलं घालत बसलो तर बुडत्याचा पाय खोलात जातो, दुसरं काही होत नाही. तिथं ज्यांना शब्द दिलाय त्यांना बरोबर घेऊन या, आपल्या गल्लीत जागा द्या, माझ्या वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, कुणी घाबरवलं का?" दुसरा म्हणाला, "भाच्याची आठवण झाली वाटतं!" लोक हसले. खोटं काय म्हणाला तो?

मग बेकरीवाली उठली. हातात पिशवी होती, ती तिनं खुर्चीवर नीट ठेवली. म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, ज्यांचं तिथं राहिलं त्यांच्यासाठी. मी ते घरी जाऊन त्याच्या फोटोला सांगितलं, मामा. आता जाऊन काय सांगू? तो कशाला गेला?"

मी तिच्या या प्रश्नालाच भिऊन पहिल्यांदा ते वाक्य बोललो होतो. आता तो पुढ्यात आला. खोटं सांगायचं नाही एवढंच ठरवून गेलो होतो. मी म्हणालो, "मला माहीत नाही, बाई." ती उभीच राहिली. मीही. प्रतिनिधी साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. ती पिशवी उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी बेकरीत गेलो. तिनं पाव दिला, सुटे पैसे दिले, बघितलं नाही. मी रोज जातो. ती रोज देते. रोज बघत नाही.

रेडिओवाल्यांना मी म्हटलं, पहिलं लावलंत, आता हेही लावा. तिथला साहेब मोठा गोड बोलला. म्हणाला, तिकडच्या मुलांचं मन खचेल, काका. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचा आवाज चालतो, खाली उतरलेल्याचा चालत नाही.

म्हणून टिल्लूला फोनवरच गाठलं. ड्रायव्हरनं त्याच्या जुन्या ओळखीनं लावून दिला. मुदत संपायला दोन दिवस होते. वर्कशॉपमधल्या सगळ्यांना मी बाहेर जायला सांगितलं.

मी म्हणालो, "टिल्लू, मी चुकलो. सही मागे घे, बाळा. घरी ये."

 तो म्हणाला, "मामा, त्या दिवशी मी विचारलं होतं ना तुला?"

धाकले, मागच्या पत्रात मी इथंच थांबलो होतो. आज थांबत नाही.

त्यानं सही करण्याआधी मला फोन केला होता. रेडिओवर ऐकल्यावर, दुसऱ्याच दिवशी. परत यायचा अर्ज त्यानं भरून ठेवला होता, खिशात होता. त्यानं विचारलं, "मामा, मी येऊ का?" एवढंच. लहानपणी उंच ठिकाणावरून उडी मारायच्या आधी विचारायचा, त्याच आवाजात. आणि इकडे वर्कशॉप भरलं होतं. भाषणाबद्दल शाबासकी द्यायला लोक आले होते, चहा चालला होता. टिल्लूचा फोन म्हटल्यावर सगळे गप्प होऊन माझ्या तोंडाकडे बघायला लागले. एक जण तर हळूच म्हणाला, "आमचाही सलाम सांगा." मला 'ये' म्हणायचं होतं. एका अक्षराचा शब्द. इतक्या जणांसमोर माझ्या तोंडून तो निघेना. सभेत एवढं बोलून आता आपल्याच भाच्याला घरी बोलवायचं? मी हसलो. म्हणालो, "अरे वाघा, इथं सगळं गाव तुझ्याकडे बघतंय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या त्यालाही ऐकू गेल्या असणार. तो म्हणाला, "बरं, मामा." आणि फोन ठेवला.

भाषणाला मी निमित्त काढू शकतो. मुलांसाठी बोललो, बाईसाठी बोललो, काहीही. याला निमित्त नाही. त्यानं मला विचारलं आणि मी चार माणसांत लाजलो, एवढंच आहे ते. तुझा मुलगा तिकडे राहिला तो देशासाठी नाही, दिलेल्या शब्दासाठी नाही. मला लोकांसमोर मान खाली घालायची नव्हती म्हणून राहिला.

त्याला मी हे सगळं असंच्या असं सांगितलं. म्हणालो, "तेव्हा मी भ्यालो रे. तू मला विचारत होतास आणि मी लोकांना उत्तर देत होतो. आता सांगतो, ये."

 त्याच्या मागे कुणीतरी हातोडीनं काहीतरी ठोकत होतं. मग तो म्हणाला, "मी निघालो तर माझ्या जागी दुसरा येईल. नाव लागलंय त्याचं, मी बघितलंय. एकोणीस वर्षांचा आहे. त्याचाही कुणी मामा असेलच की."

मी म्हणालो, "माझं ऐक…"

"ऐकलं होतं, मामा," तो म्हणाला. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "आईला तू सांग. मला जमणार नाही."

परवा मुदत संपली. सही तशीच आहे. राजधानीत मतदान पुढच्या महिन्यात. लोक म्हणतात, चुरशीचं होईल. माझ्या पहिल्या भाषणाचा प्रतिनिधी साहेबांनी तिकडे उल्लेख केला म्हणे, दुसऱ्याचा नाही.

तुला मी पत्रात सांगितलं, कारण तोंडानं सांगायला आलो असतो तर पुन्हा काहीतरी विनोद केला असता. पण नुसतं पत्र टाकून घरात बसणं हाही भित्रेपणाच झाला. म्हणून शनिवारी येतोय. हे पत्र माझ्या आधी पोचेल अशा बेतानं आज टाकतो. तुला दार लावून घ्यायचं असेल तर लावून घे. मी हाक मारणार नाही, शेजाऱ्यांत तमाशा करणार नाही. बाहेर पायरीवर बसेन. संध्याकाळची गाडी आहे, तिनं परत जाईन. पुढच्या शनिवारी पुन्हा येईन.

वहिनी सोबत येते म्हणाली होती. मी नको म्हटलं. हे ओझं दोघांनी उचलायचं नाही.

आशीर्वाद या वेळी लिहीत नाही. त्याला तोंड लागतं.

दादा